संकटकाळीं सैन्याचें साहाय्य : त्याचें स्थान व त्याची मर्यादा

पावसाळा लागला कीं आपल्या देशांत कोठें ना कोठें पूर येतो, दरड कोसळते किंवा धरणाच्या पाण्यानें खालचीं गांवें वेढलीं जातात. आणि दोन दिवसांच्या आंत वर्तमानपत्रांतून एक छायाचित्र हटकून प्रसिद्ध होतें. गणवेषांतील एखादा जवान छातीइतक्या पाण्यांतून एखाद्या वृद्धेला पाठीवर घेऊन चालला आहे, अथवा तान्ह्या मुलाला दोन्ही हातांनीं डोक्यावर धरून नावेकडे जात आहे. तें चित्र पाहून ज्याचा ऊर भरून येत नाहीं असा मनुष्य विरळा. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णा व पंचगंगा या नद्यांनीं सांगली व कोल्हापूर या दोन जिल्ह्यांत हाहाकार उडविला, तेव्हां नावेंत बसलेल्या एका भगिनीनें आपणांस सोडविणाऱ्या जवानांचे पाय शिवले. तें दृश्य महाराष्ट्रांत घरोघर पाहिलें गेलें. त्या भगिनीच्या मनांतील भावना सर्वांचीच होती, आमचीहि होती.

परंतु असा प्रसंग होऊन गेल्यावर चार सुशिक्षित माणसें एकत्र बसलीं म्हणजे एक वाक्य नेहमीं कानीं पडतें : ‘हें सारें सैन्याच्याच हातीं द्यावें; बाकीच्यांच्यानें कांहीं व्हावयाचें नाहीं.’ हें वाक्य प्रेमापोटीं उच्चारलेलें असतें. तथापि तें बरोबर नाहीं, आणि आमच्या मतें तें निरुपद्रवीहि नाहीं. संकटांत सैन्य कोणाच्या बोलावण्यावरून येतें, कोणाच्या सांगण्यावरून काम करितें आणि केव्हां परत जातें, याची माहिती आपल्यापैकीं फार थोड्यांस असते. ती प्रथम थोडक्यांत सांगून मग मूळ प्रश्नाकडे वळूं.

आपल्या राज्यपद्धतींत सैन्याचें मुख्य कार्य देशाच्या सीमेचें रक्षण हें होय. त्याखेरीज मुलकी सत्तेच्या साहाय्यास जाणें हें त्याचें एक कर्तव्य मानलेलें आहे. या साहाय्याचे प्रकार स्थूलमानानें चार. दंगाधोपा आवरण्यास मदत, हा पहिला. पाणी, वीज, दळणवळण अशा आवश्यक सेवा बंद पडल्यास त्या चालूं ठेवण्यास मदत, हा दुसरा. पूर, भूकंप, वादळ इत्यादि नैसर्गिक आपत्तींत मदत, हा तिसरा; आणि सरकार प्रसंगविशेषीं सांगेल तें अन्य साहाय्य, हा चौथा. पैकीं पहिल्या प्रकारांत माणसांवर बळ वापरण्याचा प्रश्न येतो, म्हणून त्यास दंडाधिकाऱ्याची आज्ञा व कायद्याचीं काटेकोर बंधनें लागतात. तिसऱ्या प्रकारांत शस्त्राचा संबंध नसतो. तेथें नियम पुष्कळ सैल आहेत. मूलतत्त्व मात्र दोहोंकडे एकच आहे.

तें असें. जिल्ह्याचा कलेक्टर आपल्या हातांतील साधनांचा अंदाज घेतो. पोलीस, अग्निशामक दल, गृहरक्षक दल, महसूल खात्याचीं माणसें, गांवोगांवचे स्वयंसेवक यांच्या शक्तीबाहेरचें काम आहे असें दिसलें म्हणजे तो राज्य सरकारामार्फत सैन्याची मागणी करितो. पुराचें पाणी कागदपत्रांसाठीं खोळंबून राहत नाहीं. यास्तव फार तातडी असेल तर जवळच्या छावणींतील सेनाधिकाऱ्यास सरळ विनंति करावी, त्यानें माणसें लगोलग धाडावीं व मागाहून वरिष्ठांस कळवावें, अशीहि सोय ठेवलेली आहे. सैन्य आल्यावर काय करावयाचें तें मुलकी अधिकारी सांगतो. कसें करावयाचें तें सेनाधिकारी ठरवितो. ‘अमुक वाडींत दोनशें माणसें अडकलीं आहेत, तीं बाहेर काढावयाचीं आहेत,’ हें सांगणें कलेक्टराचें किंवा तहसीलदाराचें काम. नाव कोठून सोडावी, दोर कोठें बांधावा, किती फेऱ्या कराव्या, हें सुभेदार पाहील. तहसीलदार जवानाला थेट हुकूम देत नाहीं, आणि सुभेदार तहसीलदाराची जागा घेत नाहीं. काम मुलकी यंत्रणेच्या आवांक्यांत आलें कीं सैन्यास मोकळें करावयाचें. सर्वांच्या शेवटीं यावें आणि सर्वांच्या आधीं जावें, अशी ही रीत आहे.

नागरिकशास्त्राचा हा भाग वर्गांत शिकवितांना हुशार मुलें आम्हांस एक शंका विचारीत : ‘गुरुजी, ज्याच्यापाशीं माणसें, नावा, विमानें, सारें कांहीं आहे, त्यानें ज्याच्यापाशीं कांहींच नाहीं त्याचें कां ऐकावें?’ शंका रास्त आहे. तिचें उत्तर व्याख्येंत सांपडत नाहीं. तें शोधण्यास इतिहासाकडे जावें लागतें.

३१ मे १९३५ रोजीं पहांटेच्या काळोखांत बलुचिस्तानांतील क्वेट्टा शहर भूकंपानें जमीनदोस्त झालें. तीस हजारांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. शहराला लागूनच इंग्रज सरकारची मोठी छावणी होती व तिचा बराच भाग बचावला होता. तेथील सेनापति जनरल कार्स्लेक यानें लगेच सैन्य बाहेर काढलें आणि शहराचा कारभार लष्कराच्या हातीं गेला. त्या सैनिकांनीं ढिगाऱ्याखालून जखमी लोकांस काढलें, वांचलेल्यांस तंबू व अन्न पुरविलें, आगगाड्यांनीं त्यांस बाहेर पोंचविलें, हें कोणी नाकारूं नये. परंतु थोड्याच अवधींत रोगराईच्या भीतीनें शहराभोंवतीं पहारा बसवून तें बंद करण्यांत आलें. बाहेरून येणाऱ्या सेवकांस मज्जाव झाला. आदल्याच वर्षीं बिहारच्या भूकंपांत फार मोठें मदतकार्य उभारणारे बाबू राजेंद्रप्रसाद, व प्रत्यक्ष महात्मा गांधी, यांनाहि तेथें जाण्याची परवानगी मिळाली नाहीं. ढिगाऱ्याखालीं आपलें माणूस अद्यापि जिवंत असेल अशी आशा धरून बसलेल्या आप्तांनीं दाद कोणाकडे मागावयाची? शहर बंद करण्याचा निर्णय कदाचित् आरोग्यशास्त्रास धरून असेलहि. पण तो लोकांस समजावून सांगण्याची, त्यावर लोकांचें म्हणणें ऐकून घेण्याची गरज त्या सत्तेस वाटली नाहीं. हुकूम देणारा आणि तो अमलांत आणणारा यांच्या मध्यें लोकांचा असा कोणीच नव्हता.

हें परकी अमलांतील उदाहरण झालें. स्वराज्य आल्यानंतर चौदा वर्षांनीं आपल्याच पुणें शहरावर जो प्रसंग गुदरला, त्यांत सैन्याचें सामर्थ्य व त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच दिवसांत दिसून आल्या. म्हणून तो थोडा सविस्तर सांगतों.

पुण्याच्या नैर्ऋत्येस, मुठेच्या खोऱ्यांत, अंबी नदीवर पानशेतचें मातीचें धरण बांधलें जात होतें. १९६१ च्या पावसाळ्यापूर्वीं त्याचा भराव बराच वर आला होता. पण पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाचें व त्याच्या दरवाज्यांचें काम पुरें झालें नव्हतें. अशा अपुऱ्या धरणांत त्या वर्षीं पाणी सांठूं दिलें गेलें. जुलैंत मुसळधार पाऊस लागला, जलाशय भराभर भरला, आणि त्या निर्गममार्गावरचा भराव खचूं लागला. दगडी धरणावरून पाणी वाहिलें तर तें धरण कांहीं काळ तग धरूं शकतें. मातीच्या धरणाचें तसें नाहीं. त्याचा माथा खचून पाणी एकदां वरून वाहूं लागलें कीं तें आपल्याच वाटेनें माती कापीत जातें व थोड्या तासांत धरण धुवून निघतें. म्हणून अशा वेळीं करण्यासारखी गोष्ट एकच उरते : खचलेला माथा वर उचलणें.

११ जुलैच्या रात्रीं सैन्याचे जवान त्या माथ्यावर होते. वरून संततधार, एका अंगास इंच इंच चढणारें पाणी, दुसऱ्या अंगास काळोखी दरी आणि पायांखालीं बसत चाललेली माती. अशा ठिकाणीं ते पोतीं वाहून रचीत राहिले. धरण फुटलें असतें तर पहिला बळी त्यांचाच जाता, हें कळण्यास अभियंता असण्याची गरज नव्हती. रात्र त्यांनीं त्या कामांत काढली. १२ जुलैच्या सकाळीं धरण फुटलें. पण रात्रीं फुटलें नाहीं.

पानशेतच्या खालीं खडकवासल्याचें एकोणिसाव्या शतकांतील दगडी धरण होतें. तेंहि त्या लोंढ्यापुढें टिकलें नाहीं. भर दिवसा पाणी पुण्यांत शिरलें. लकडी पूल बुडाला. नारायण, शनिवार, कसबा या पेठांतून व डेक्कन जिमखान्याच्या बाजूस घरेंच्या घरें पाण्याखालीं गेलीं. जुने मातीचे वाडे विरघळल्यासारखे बसले. शेंकडों माणसें गेलीं व हजारों कुटुंबें निराधार झालीं. हाच लोंढा मध्यरात्रीं, सारें शहर झोंपेंत असतांना आला असता तर काय झालें असतें, याची कल्पनाहि करवत नाहीं. उजेड होता म्हणून लोक गच्च्यांवर चढले, पर्वतीकडे धांवले, शेजाऱ्यांनीं शेजाऱ्यांस हांका मारल्या. जवानांनीं पुण्याला त्या रात्रींत जें दान दिलें तें कांहीं तासांचें होतें, आणि त्यापायीं हजारों प्राण वांचले.

आतां पुढचा प्रश्न. त्या तासांचें काय झालें? पाणी किती येईल, कोणत्या पेठांनीं केव्हां बाहेर पडावें, कोठें जावें, हें ठरविणें आणि घरोघर सांगणें हें सैन्याचें काम नव्हतें. तें मुलकी कारभाराचें होतें. ज्यांनीं तो दिवस पाहिला असे पुणेकर सांगतात कीं, पाणी गल्लींत येईपर्यंत खऱ्या धोक्याची कल्पना बहुतेकांस नव्हती. कित्येक जण तर पूर पाहण्यास म्हणून नदीकांठीं जमले होते. एकीकडे चाळीस किलोमीटरांवर माणसें जिवावर उदार होऊन घटका घटका वांचवीत आहेत, आणि दुसरीकडे ज्यांच्यासाठीं त्या वांचवावयाच्या त्यांना त्याची वार्ताच नाहीं! या विसंगतीइतकें शिकविणारें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. सैन्य संकटांत वेळ मिळवून देऊं शकतें. त्या वेळेचें चीज करणें मुलकी व्यवस्थेच्या व नागरिकांच्याच हातीं असतें. तें त्यांनीं केलें नाहीं तर जगांतील उत्तमांत उत्तम सेनाहि त्यांच्या ऐवजीं करूं शकणार नाहीं.

आणि मुलांच्या शंकेचें उत्तरहि येथेंच आहे. पानशेतनंतर लोकांनीं जाब विचारला. विधानसभेंत प्रश्न निघाले, चौकशी आयोग बसला, अपुऱ्या धरणांत पाणी कां भरूं दिलें याची छाननी झाली. शहराच्या पुनर्वसनाचें काम स. गो. बर्वे या कर्तबगार अधिकाऱ्यावर सोंपविण्यांत आलें व गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. चौकशीनें सर्वांचें समाधान झालें असें नव्हे. परंतु विचारण्याची जागा होती. क्वेट्ट्यांत ती नव्हती. ज्याच्याकडे साधनें आहेत त्यानें, ज्याला लोकांस उत्तर द्यावें लागतें त्याच्या सांगण्यानें वागावें, या नियमाचें मर्म हें आहे.

या नियमाचा विसर पडला म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण शेजारच्या देशांत घडलें आहे. १९५३ च्या मार्चमध्यें लाहोरांत दंगली माजल्या. मुलकी सत्तेचा इलाज चालेना, म्हणून जनरल आझम खान यांच्या हाताखालीं तेथें लष्करी कायदा लागला. दंगल लवकरच शमली. पण सैन्य लगेच बराकींत परतलें नाहीं. त्यानें शहराची झाडलोट, रस्त्यांची दुरुस्ती, अशीं नगरपालिकेचीं कामें हातीं घेतलीं, आणि तीं चोख केलीं. नागरिक खूष झाले. पांच वर्षांनीं, १९५८ च्या ऑक्टोबरांत, सैन्यानें साऱ्या देशाचाच कारभार हातीं घेतला. एका गोष्टीवरून दुसरी घडली असें म्हणणें धाडसाचें होईल. राज्यें इतक्या साध्या कारणांनीं पालटत नसतात. तथापि ‘बाकीच्यांच्यानें कांहीं व्हावयाचें नाहीं’ हें वाक्य ज्या समाजाच्या तोंडीं बसतें, त्याला स्वतःचा कारभार स्वतः सुधारण्याचा कंटाळा येऊं लागतो, एवढें त्यावरून खास दिसतें.

आपल्या सैन्यानें ही मर्यादा आजवर कटाक्षानें पाळली, हें त्याचें भूषण आहे. मोह पडतो तो आपणांस. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं मुंबईंत त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें मेलीं. त्यानंतर तेथें, तसेंच करी रोड व आंबिवली येथें, नवे पूल बांधण्याचें काम सैन्याच्या अभियंत्यांस देण्यांत आलें, आणि २०१८ च्या फेब्रुवारींत ते पूल लोकांस खुले झाले. काम झटपट व चांगलें झालें. तरी त्या वेळीं कांहीं निवृत्त सेनाधिकाऱ्यांनींच यास हरकत घेतली, आणि ती विचार करण्याजोगी होती. ज्या शहरापाशीं एवढी मोठी महानगरपालिका व एवढें मोठें रेल्वे खातें आहे, तेथें जिना चढण्याउतरण्याचा पूल बांधण्यास सैन्य बोलवावें लागत असेल, तर दुखणें पुलाचें नव्हे. घरांतील धडधाकट मुलानें पाणी भरावयाचें नाहीं आणि पाहुण्याला घागर उचलावयास लावावयाची, त्यांतलाच हा प्रकार.

याच्या उलट, जेथें सैन्यावांचून गत्यंतरच नसतें असे प्रसंगहि आहेत, आणि तेथें संकोच करणें हा गुन्हा होय. ३० जुलै २०२४ रोजीं केरळांतील वायनाड जिल्ह्यांत मध्यरात्रीनंतर डोंगर कोसळले. चूरलमला व मुंडक्कै हीं गांवें चिखल व धोंडे यांच्या लोंढ्याखालीं सांपडलीं, शेंकडों माणसें मेलीं, आणि दोन्ही गांवांना जोडणारा पूल वाहून गेल्यानें पलीकडे जड यंत्रें नेण्याची वाटच तुटली. तेथें सैन्याच्या मद्रास अभियंता पथकानें १९० फूट लांबीचा बेली पूल सुमारें ३१ तासांत उभा केला. या पुलाची युक्ति दुसऱ्या महायुद्धांत डोनाल्ड बेली या इंग्रज अभियंत्यानें काढली. दहा फूट लांब व पांच फूट उंच अशा पोलादी चौकटी असतात. एकेक चौकट सहा माणसें उचलूं शकतात. त्या खुंट्यांनीं एकमेकींस जोडीत जावयाच्या आणि एका कांठावरून दुसऱ्या कांठाकडे पुढें पुढें ढकलीत न्यावयाच्या. मोठी यारी लागत नाहीं. लागते ती शिस्त, सराव व एकोपा. पावसांत, मागून पाण्याचें भय असतांना, दिवसरात्र राबून तो पूल झाला, आणि त्यावरून यंत्रें व रुग्णवाहिका पलीकडे गेल्या. या कामावर असलेल्या अधिकाऱ्यांत मेजर सीता शेळके या होत्या. त्या आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील पारनेर तालुक्याच्या. आमच्या वाचक भगिनींनीं आपल्या कन्यांस हें नांव अवश्य सांगावें.

तेव्हां सैन्य कोठें हवें व कोठें नको, याचें गमक काय? जें काम युद्धासाठीं शिकलेल्या विद्येवांचून होणार नाहीं, आणि जें आत्तां न केलें तर प्राण जातील, तेथें सैन्य हवें. जें काम दुसऱ्या कोणाचें नित्यकर्म आहे आणि त्यानें आळसानें केलें नाहीं, तेथें सैन्य आणणें म्हणजे आळशाला अभय देणें होय.

या दोहोंच्या मध्यें एक मोठी पोकळी पूर्वीं होती, आणि ती भरून काढण्याचा यत्न गेल्या वीस वर्षांत झाला आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर, २००५ सालीं, आपत्ति व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्यान्वयें देशाच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याच्या प्राधिकरणाचे मुख्यमंत्री व जिल्ह्याच्या प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टर असतो, आणि जिल्ह्यांत जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांस त्याच्या जोडीनें बसविलेलें आहे. २००६ सालीं राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दल उभें राहिलें. प्रथम त्याच्या आठ पलटणी होत्या. पुढें त्या सोळा झाल्या. त्यांतील एक आपल्या पुणें जिल्ह्यांत, तळेगांवजवळ सुदुंबरें येथें असते. हे लोक केंद्राच्या पोलीस दलांतून येतात व बुडालेल्यास काढणें, ढिगाऱ्याखालीं जिवंत माणसाचा शोध घेणें, हीच विद्या शिकतात. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव डोंगराखालीं गाडलें गेलें, तेव्हां ढिगारा उपसण्यास मुख्यतः हेंच दल होतें. तेथें दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. ती वार्ता बाहेर कशी आली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. नेहमींच्या फेरीस निघालेल्या एस्. टी. च्या चालकास रस्त्याच्या पुढें गांवच दिसेना, आणि त्यानें ती गोष्ट कळविली. सर्वांत पहिला दूत हा असा एक साधा नोकर होता.

गणवेष कोणताहि असो, धोका सारखाच. २०१३ च्या जून महिन्यांत उत्तराखंडांत केदारनाथच्या परिसरांत महापूर आला. २५ जून रोजीं मदतकार्यांतील वायुसेनेचें एक हेलिकॉप्टर कोसळून वीस जण मेले. त्यांत वायुसैनिक होते, आपत्ति दलाचे लोक होते आणि भारत-तिबेट सीमा पोलिसांचे जवान होते. त्यांची चिता एकाच कार्यासाठीं पेटली.

आणि सर्व दलें परत गेल्यावर जें उरतें, त्याकडे तर कोणाचेंच लक्ष नसतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीच्या टापूंत भूकंप झाला. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन करून दमलेले लोक गाढ झोंपले होते. मातींत बांधलेल्या जाड दगडी भिंती व वर मातीचीं जड माळवदें. तींच अंगावर कोसळलीं. हजारों माणसें मेलीं. सैनिक आले, प्रेतें काढण्याचें व त्यांस अग्नि देण्याचें जें काम घरच्यांच्या हातून होण्यासारखें नव्हतें तें त्यांनीं केलें. कामाची निकड सरल्यावर, रीतीप्रमाणें, ते परत गेले. त्यापुढें बावन्न गांवें नव्या जागीं वसवावयाचीं होतीं. कोणाची जमीन कोणती, घर कोणाच्या नांवानें, विहीर कोठें, शाळा कोठें, मागें राहिलेल्या पोरक्या मुलाचा पालक कोण, असे सहस्र प्रश्न सोडवावयाचे होते. तें काम वर्षानुवर्षें चाललें. तें तलाठ्यानें केलें, ग्रामसेवकानें केलें, शिक्षकानें केलें, कलेक्टर कचेरींतील कारकुनानें केलें. त्यांचें छायाचित्र कोणीं काढलें नाहीं. त्यांत कामचुकार होते, लांचखाऊहि असतील. पण तीं बावन्न गांवें आज उभीं आहेत तीं याच सामान्य माणसांच्या हातून.

शेवटीं आपल्या घराकडे पाहूं. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं सांगली जिल्ह्यांत पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें गांवची नाव उलटून अनेक माणसें बुडालीं, त्यांत स्त्रिया व मुलेंहि होतीं. बाहेरची मदत पोंचण्यापूर्वीं घाबरलेलीं माणसें एकाच नावेंत झेंपेना इतकीं बसलीं. या दुर्दैवी जिवांस दोष देण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं; पण असें पुन्हां होऊं नये यासाठीं काय पाहिजे, तें उघड आहे. गांवांत एकाच्या ऐवजीं चार नावा, नावेंत बसणाऱ्या प्रत्येकास तरंगण्याचा पट्टा, आणि पाणी अमुक खुणेपर्यंत चढलें कीं लेकुरवाळ्या व वृद्धांनीं आधीं बाहेर पडावयाचें, हा नियम. यांपैकीं एकाहि गोष्टीला सैन्य लागत नाहीं. केरळांत २०१८ च्या महापुरांत तेथील कोळी लोकांनीं आपल्या मासेमारीच्या होड्या मालमोटारींवर घालून बुडालेल्या गांवांत नेल्या व असंख्य लोक वांचविले. त्यांना कोणीं कवाईत शिकविली नव्हती. पाण्याची ओळख होती व शेजारधर्म होता.

मध्यमवर्गीय, लिहित्यावाचत्या घरांचें याहून सोपें एक कर्तव्य आहे. नदीकांठीं किंवा धरणाखालीं राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें आपल्या घराची पूररेषा कोठें येते तें पावसाळ्यापूर्वीं विचारून घ्यावें. जिल्ह्याच्या आपत्ति नियंत्रण कक्षाचा १०७७ हा दूरध्वनि क्रमांक घरांत ठळक अक्षरांनीं लिहून ठेवावा. महत्त्वाचीं कागदपत्रें, औषधें व विजेरी एका पिशवींत घालून हाताशीं ठेवावीं. आळींत अंथरुणाला खिळलेलें माणूस कोणाच्या घरीं आहे हें चार घरांना माहीत असावें. आणि बाहेर पडा असें सांगण्यांत आलें कीं ‘आमच्या घरांत कधीं पाणी आलेलें नाहीं’ असें म्हणून बसूं नये. १९६१ सालीं असें म्हणणारे पुष्कळ होते. याहून कठीण कर्तव्य म्हणजे, पाणी नसतांना विचारणें : आमच्या गांवच्या नावा कोठें आहेत, धरणांतून पाणी सोडण्यापूर्वीं खालच्या गांवांस कोण कळवितो, गतवर्षींच्या तालमीचें काय झालें. ग्रामसभेंत व नगरपालिकेंत हे प्रश्न उन्हाळ्यांत विचारले गेले, तर आषाढांत जवानांना आपल्यासाठीं जीव धोक्यांत घालण्याची पाळी कमी वेळां येईल.

जवानांविषयींची कृतज्ञता दाखविण्याचा आमच्या मतें हाच खरा मार्ग आहे. त्यांचे पाय शिवावे, अवश्य शिवावे. पण पानशेतच्या खचणाऱ्या माथ्यावर त्यांनीं रात्रभर उभें राहून जे तास आपल्याला मिळवून दिले, तसे तास पुन्हां कधीं मिळाले तर ते वायां जाऊं द्यावयाचे नाहींत, एवढी सिद्धता ज्या गांवानें करून ठेवली असेल, त्याच गांवानें त्यांचें ऋण कांहीं अंशीं फेडलें असें म्हणतां येईल.